वाचक विचारतात : हार्डकोअर कुठं संपतं आणि मेटल कुठं सुरू होतं?

या महिन्याच्या टपालात हार्डकोअर पंक आणि हेवी मेटल या रॉकच्या दोन प्रकारांच्या नात्याबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त होती. काही ऐकणाऱ्यांची, काही वाजवणाऱ्यांची आणि एक पत्र एका आईचं. त्यांतली निवडक पत्रं उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये यावरून रोज वाद होतो. मला तर दोन्ही सारखंच ऐकू येतं. गिटारचा जाळ आणि वर आरडाओरडा. गाणं लागल्या लागल्या हे हार्डकोअर, हे मेटल असं कसं ओळखायचं?
– विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : गायकाचा आवाज आणि गिटारचा खरखरीतपणा यांवरून ओळखायला जाल तर फसाल. ते दोन्हीकडे सापडतं. आधी ड्रम ऐका, मग गिटारवाल्याचा उजवा हात ऐका आणि मग गाण्याची बांधणी बघा.

ड्रमसाठी तोंडानं आठ मात्रा मोजा. पायाचा किक ड्रम म्हणजे ‘धूम’ आणि हातातला स्नेअर म्हणजे ‘ता’. धूम-ता-धूम-ता असं प्रत्येक मात्रेला आलटूनपालटून पळत असेल, तर तो हार्डकोअरचा मूळ ठेका. हाच ठेका थ्रॅश मेटलनं, म्हणजे वेगवान मेटलनं, उचलला, त्यामुळं एवढ्यावर निकाल देऊ नका. पण किक दोन्ही पायांनी, दोन पेडलवर, मशिनच्या टाक्यांसारखा सलग ऐकू येत असेल आणि स्नेअर त्याच्यावर निवांत पडत असेल, तर पारडं मेटलकडं झुकलं.

मग उजवा हात. दोघंही बहुतेक वेळ एकच कॉर्ड वाजवतात, पॉवर कॉर्ड. म्हणजे फक्त सा आणि प, फार तर वरचा सा. त्यात गंधार नसतो. कारण साधं आहे. सा-प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन असतं आणि कितीही डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, तरी ते स्वच्छ राहतं. त्यात गंधार घातला की गढूळ होतं. फरक पडतो तो हात कुठं टेकतो यानं. पंकवाला तळहात मोकळा ठेवतो, तारा खुल्या झणझणतात आणि कॉर्ड एकमेकांत वाहत जातात. मेटलवाला तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथं अडकवलेल्या असतात तिथं, टेकवून तार अर्धी दाबतो. त्यातून ‘चग-चग-चग’ असा बंद, ठोस आवाज येतो. याला पाम म्यूट म्हणतात.

स्वरही बघा. मेटलला कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम यांचं वेड आहे. ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम एवढ्या तीन स्वरांवर उभं आहे. त्या तीव्र मध्यमावर थांबलं की जी अस्वस्थता येते, तिच्यावर मेटलची निम्मी इमारत बांधली आहे. हार्डकोअरवाला स्वरांच्या भानगडीत फार पडत नाही. तीन-चार कॉर्ड तो फळ्या सरकवाव्यात तसे सरकवतो.

शेवटी बांधणी. हार्डकोअरचं गाणं दीड-दोन मिनिटांत उरकतं, सोलो नसतो, आणि धृपदाला सगळा बँड एकदम ओरडतो. भजनात बुवांनी ओळ टाकल्यावर सगळे टाळकरी ती झेलतात तसंच ते आहे. समोरचा श्रोताही त्यात असतो, माइक त्याच्याकडं दिला जातो. मेटलमध्ये चार-सहा रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) एकापुढं एक जोडलेले असतात, मधे गिटारवाला ताना घेतो आणि श्रोता ऐकणारा राहतो. आमच्या मते हा शेवटचा फरक सगळ्यात खरा आहे. बाकीच्या खुणा दोघांनी एकमेकांच्या वापरून झाल्या आहेत.

प्रश्न : मी प्रेस शॉपमध्ये काम करतो. मेटलचा जन्म कारखान्यातल्या अपघातातून झाला असं एकानं सांगितलं. खरं आहे का? आणि पंकनं मेटलकडून घेतलं की मेटलनं पंककडून?
– वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : अपघात खरा आहे. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, म्हणजे ओतकाम आणि पत्राकामाच्या गावातला. पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी त्याला प्रेसवर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या बोटांची टोकं गेली. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. तो डावखुरा, त्यामुळं तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं आणि हलक्या तारा लावल्या. पुढं १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तार सैल झाल्यानं बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज जड झाला. आज मेटलवाले आणि हार्डकोअरवाले दोघंही गिटार खाली उतरवतात त्याचं एक मूळ इथं आहे. पण सगळ्या मेटलचा जन्म त्या प्रेसखाली झाला असं म्हणू नका. ब्लूज, मोठे अ‍ॅम्प आणि आणखी दोन-तीन इंग्लिश बँडही त्यात आहेत.

देवाणघेवाणीचं म्हणाल तर ती दोन्ही बाजूंनी झाली, आणि मधला पूल होता मोटरहेड. लेमी या गायकानं हा बँड १९७५ मध्ये काढला. केस लांब, आवाज मेटलचा, पण वेग आणि साधेपणा असा की लंडनच्या पंक पोरांना तो आपला वाटायचा. १९७९ च्या ‘ओव्हरकिल’ गाण्यात त्यांचा ड्रमर फिल टेलरनं दोन किक ड्रम सलग पळवले. इंग्लंडमधल्याच स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या पंक बँडच्या ठेक्यात मोटरहेडची चाल स्पष्ट ऐकू येते. ती त्यांनी आणखी उघडीवाघडी केली. १९८२ मध्ये त्यांचा ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ आला. तो ठेका आज त्यांच्या नावावरून डी-बीट म्हणून ओळखला जातो.

मग उलटा प्रवास सुरू झाला. मेटालिका आणि स्लेअर या थ्रॅश बँडची पोरं इंग्लिश मेटल ऐकत वाढली होती, पण वेग त्यांनी हार्डकोअरचा घेतला. मेटालिकानं १९८७ मध्ये मिसफिट्स या पंक बँडची आणि १९९८ मध्ये डिस्चार्जची गाणी स्वतः वाजवून हे कर्ज उघड मान्य केलं. स्लेअरनं १९९६ मध्ये जवळजवळ अख्खा अल्बम हार्डकोअरच्या गाण्यांचा काढला. एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. रामोन्स या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम १४ गाण्यांचा आणि २९ मिनिटांचा. स्लेअरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ १० गाण्यांचा आणि तोही २९ मिनिटांचाच. मेटलचा अल्बम इतका आटोपशीर असायची तोवर पद्धत नव्हती. त्याच्या कॅसेटवर तर अख्खा अल्बम दोन्ही बाजूंना भरलेला होता, रिवाइंड करायची गरजच नाही.

हार्डकोअरवाल्यांनी काय घेतलं ते बघायला ह्यूस्टनचा डी.आर.आय. हा बँड घ्या. पहिल्या सात इंची तबकडीवर त्यांनी २२ गाणी बसवली होती. १९८७ च्या अल्बमवर १२ गाणी, पाम म्यूट, जोडलेले रिफ, आणि अल्बमचं नावच ‘क्रॉसओव्हर’. हेच नाव पुढं या मिश्रणाला चिकटलं. न्यूयॉर्कच्या क्रो-मॅग्ज आणि अ‍ॅग्नॉस्टिक फ्रंटनं १९८६ मध्ये हेच आपापल्या परीनं केलं. आणि सगळेच वेगाकडं गेले असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगनं १९८४ च्या ‘माय वॉर’ अल्बमची दुसरी बाजू सबाथसारखी संथ केली, तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर. त्यांच्या बऱ्याच जुन्या श्रोत्यांना ते रुचलं नाही. स्लज मेटल म्हणतात ते या बाजूतून उगवलं.

प्रश्न : माझी स्ट्रॅटसारखी गिटार आहे, ९-४२ च्या तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). मेटलकोर (मेटल आणि हार्डकोअरचं मिश्रण) वाजवायला ड्रॉप सी केलं, म्हणजे सगळ्या तारा खाली उतरवून सहावी सी ला आणली, तर जाड तार लोंबकळते, जोरात मारली की बेसूर होते आणि खर्रर्र आवाज येतो. दुकानदार म्हणतो नवी गिटार घ्या. खरंच घ्यावी लागेल?
– गिटारवादक, राजारामपुरी

उत्तर : नाही. तारा बदला आणि सेटिंग करा.

आधी कारण समजून घ्या. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सहावी तार ई म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झ, ती सी ला आणली की ६५. ताण ३७ टक्के घटतो. बाकीच्या पाच तारा एक स्वर खाली येतात, त्यांचा सुमारे २१ टक्के. सैल तार जोरात मारली की सुरुवातीला चढते आणि मग खाली येते, म्हणून ती तुम्हाला बेसूर वाटते. आणि ती मोठ्या घेरात हलते म्हणून फ्रेटवर आपटते.

ताण परत आणायला तार जाड हवी. तुमची ४२ ची तार ई ला जेवढी कडक होती, तेवढीच सी ला हवी असेल तर जाडी साधारण ५३ लागते. म्हणून १०-५२ चा सेट घ्या. हात भारी असेल तर ११-५६. हार्डकोअरवाले बरेचदा दुसराच घेतात, कारण त्यांचा हात तारांवर आडवा, जोरात पडतो.

आता क्रम. एक, सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. दोन, नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीची, खाच तपासा. ४२ च्या तारेच्या खाचेत ५२ ची तार अडकते. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर हेच झालंय. खाच बारीक कानशीनं रुंद करायची, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर वाजायला लागते आणि नट बदलावा लागतो. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडं द्या. तीन, मागचं झाकण उघडून स्प्रिंग बघा. नव्या तारांनी ब्रिज पुढं उचलला गेला असेल तर स्प्रिंग वाढवा किंवा स्प्रिंग अडकवलेल्या पंज्याचे दोन्ही स्क्रू सारखे आवळा, ब्रिज परत बसेपर्यंत. वॅमी बार (ब्रिज हलवायचा दांडा) वापरतच नसाल तर पाचही स्प्रिंग लावून ब्रिज लाकडाला टेकवून टाका, निम्मी डोकेदुखी संपते.

चार, ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली सळई. पहिला फ्रेट कॅपोनं आणि शेवटचा बोटानं दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालची फट बघा. पाव मिलिमीटर, म्हणजे एखाद्या पोस्टकार्डाएवढी हवी. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव आटा आवळा, एक रात्र थांबा, पुन्हा बघा. एका बैठकीत यापेक्षा जास्त फिरवू नका. रॉड तुटला तर मात्र दुकानदार म्हणतोय ते खरं होईल. पाच, इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात असणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागं न्या, उतरा असेल तर पुढं आणा.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की मान हलते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा चौथी पायरी पुन्हा करा. गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

प्रश्न : मी लहानपणापासून हलगी वाजवतो, आता ड्रमवर बसतो. हात पळतात, पण डी-बीट वाजवायला गेलो की तो साध्या रॉक ठेक्यासारखाच होतो. चुकतंय कुठं?
– ड्रमर, कागल

उत्तर : पाचव्या मात्रेवर. आठ मात्रा अशा लिहून घ्या : धूम, रिकामी, ता, धूम, रिकामी, धूम, ता, रिकामी. म्हणजे किक १, ४ आणि ६ वर, स्नेअर ३ आणि ७ वर. साध्या रॉक ठेक्यात पाचव्या मात्रेवर किक असतो आणि आपला पाय सवयीनं तिथं पडतो. डी-बीटमध्ये तिथं काहीच नाही. तो खड्डाच ठेक्याला पुढं ढकलतो. चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरचे दोन किक जवळ आणू नका, त्यांच्यात पूर्ण एक मात्रा मोकळी सोडायची आहे. बहुतेकांचे हे दोन किक घाईत चिकटतात आणि ठेका ढासळतो.

मेट्रोनोम ९० वर ठेवा. एका टिकेत दोन मात्रा. आधी आठवडाभर नुसता पाय आणि तोंडानं ‘ता’. मग स्नेअर, मग वर उजव्या हातानं अर्धवट उघडी हाय-हॅट, प्रत्येक टिकेला एकच. चार मिनिटं न तुटता वाजलं तरच पाच टिका वाढवा. १६० च्या पुढं उजवा खांदा आखडायला लागला तर तिथंच थांबा. खांद्यातून मारून वेग येत नाही, मनगट आणि बोटांतून येतो. हलगीच्या बारीक काडीला तुम्ही जशी बोटांनी उसळी देता तशीच इथं हाय-हॅटच्या काठीला द्या. ते कौशल्य तुमच्याकडं आधीपासून आहे, बाकीच्या ड्रमरना ते शिकायला वर्ष लागतं.

एक अडचण मात्र तुमची खास असेल. हलगीच्या अनेक चालींत तिनाचा झोका असतो. डी-बीट सरळ दोनाचा आहे. थकल्यावर चौथी मात्रा थोडी मागं सरकायला लागली की झोका आत शिरलाय असं समजा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवताना हे कळत नाही.

आणि ब्रेकडाउन शिकताना गंमत बघा. हार्डकोअरमध्ये पळणारं गाणं अचानक अर्ध्या लयीत येतं, तेव्हा स्नेअर आठांपैकी फक्त पाचव्या मात्रेवर पडतो. डी-बीटनं जी जागा रिकामी सोडली होती, नेमकी तीच. एकाच गाण्यात दोन्ही असतील तर तो घाव श्रोत्याच्या छातीत बसतो.

प्रश्न : मंडळाच्या कार्यक्रमात डॉल्बीवर वाजवलं. आमच्याच खोलीत छान वाजणारं गाणं तिथं नुसतं ‘घूंऽऽ’ झालं. गिटार गायब, आणि गायकाचा माइक सारखा किंचाळत होता. डॉल्बीवाला म्हणतो तुमचं संगीतच असं.
– बँडमधील चौघे, मंगळवार पेठ

उत्तर : तुमचं संगीत असंच आहे आणि डॉल्बी त्याच्यासाठी लावलेली नव्हती, दोन्ही खरं. नाचगाण्यांसाठी सब (खर्जाचे मोठे स्पीकर) वाढवून ठेवलेले असतात. तिथं एका ठोक्यानंतर दुसऱ्याला निम्मा सेकंद मिळतो. तुमच्या गाण्याची लय २०० असेल आणि दोन पेडलवर सलग किक असेल, तर सेकंदाला १३ ठोके, दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद. सबचा पहिला हुंकार विरायच्या आत दुसरा येतो. त्याचाच ‘घूं’ होतो. हार्डकोअरच्या साध्या धूम-ता ठेक्यात किक सेकंदाला तीन-साडेतीनच असतात, म्हणून हार्डकोअर बँड त्याच डॉल्बीवर बरे वाजतात. मेटलला जास्त तयारी लागते.

डॉल्बीवाल्याला शांतपणे चार गोष्टी सांगा. सब निम्म्यावर आणा. गिटारच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, ती जागा बेसगिटारची. किकच्या चॅनलवर ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा, म्हणजे बीटरचा ‘टक’ ऐकू येईल. मेटलमध्ये पाय त्या टकनं ऐकू येतो, धडामनं नाही. आणि गिटारचा प्रोसेसर थेट मिक्सरला लावत असाल तर त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू ठेवा. ते बंद असलं की गिटार माशी घोंगावल्यासारखी होते.

गिटार गायब होण्यात तुमची चूक आहे. खोलीत एकट्यानं वाजवताना मिड (मधला पट्टा) शून्यावर आणून बास आणि ट्रेबल वाढवले की आवाज भरदार वाटतो. बँडमध्ये बास बेसगिटार खाते, ट्रेबल झांजा खातात, आणि तुमच्याकडं उरतं शून्य. मिड मध्यावर, घड्याळात बारा वाजता, किंवा त्याच्याही पुढं ठेवा. गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) खोलीपेक्षा एक-चतुर्थांश कमी करा. जास्त गेननं प्रत्येक ठोक्याची कड बोथट होते. जुने हार्डकोअर बँड कमी गेन, जास्त मिड आणि मोठा आवाज ठेवत, ते याचसाठी.

माइक किंचाळतो कारण गायक जाळीवर मूठ आवळतो. असा माइक समोरचंच ऐकायला बनवलेला असतो. मागच्या फटी हातानं झाकल्या की तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो, त्यात स्टेजवरचा मॉनिटर स्पीकरही आला. मूठ जाळीच्या खाली, दांड्यावर.

कार्यक्रम दहाला बंद करायचा असतो हे लक्षात ठेवून तपासणीसाठी दुपारचा एक तास मागून घ्या. स्टेजवर चढल्यावर यातलं काहीच होत नाही.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा हे असलं संगीत ऐकतो. हल्ली दोन्ही हातांवर पेनानं मोठी फुली काढून जातो. गाणी ऐकून पोटात गोळा येतो. ही कसली खूण? काळजी करावी का?
– एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, ती फुली म्हणजे ‘मी दारू पीत नाही’. अमेरिकेत १९८० च्या सुमारास कमी वयाच्या पोरांना क्लबमध्ये सोडताना हातावर काळी फुली मारत, म्हणजे बारवाल्यानं त्यांना दारू देऊ नये. वॉशिंग्टनच्या हार्डकोअर पोरांनी ती खूण मुद्दाम स्वतःहून मारायला सुरुवात केली. १९८१ मध्ये तिथल्याच मायनर थ्रेट या बँडचं ‘स्ट्रेट एज’ नावाचं पाऊण मिनिटाचं गाणं आलं आणि त्यावरून या मुलांना हेच नाव पडलं. दारू, तंबाखू, नशा यांपैकी काही नाही, हा त्यांचा नेम. नव्वदीत सिरॅक्यूसच्या अर्थ क्रायसिसनं हाच नेम मेटलच्या जड रिफवर बसवला, आणि आजचा मेटलकोर ऐकणाऱ्या मुलांपर्यंत तो असाच पोचला. मुलाला फुलीबद्दल विचारा. तो नेमानं काढत असेल तर खूश होऊन सांगेल.

काळजी कानांची करा. सुरक्षिततेचा एक रूढ हिशेब असा : ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढं प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. खोलीत सराव करणारा बँड ही पातळी सहज ओलांडतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे पुरतात. पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत घालून अर्धा मिनिट धरून ठेवायचे. नुसते कानात टेकवले तर उपयोग नाही. घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल, तर त्या आठवड्यात पुन्हा सरावाला जाऊ देऊ नका.

प्रश्न : मेटलकोर हे खरं हार्डकोअर नाही असं एक मित्र म्हणतो. दुसरा म्हणतो ते खरं मेटलही नाही.
– वाचक, इचलकरंजी

उत्तर : १९९० च्या दशकातला मेटलकोर हार्डकोअरच होता, मेटलचे रिफ घेतलेला. २००० नंतरचा, स्वीडिश मेटलच्या सुरावटी आणि गोड धृपद असलेला, आमच्या कानांना मेटलच्या जवळचा वाटतो. दोन्ही मित्र वेगवेगळ्या काळातलं ऐकत असावेत. बोस्टनच्या बाजूच्या कन्व्हर्जचा २००१ चा ‘जेन डो’ दोघांना एकत्र बसवून ऐकवा.

सरमिसळ किती खोल आहे त्याचं एक उदाहरण. बॉस कंपनीचं एचएम-२ हे गिटारचा आवाज फाडणारं पेडल, चार बटणांचं. १९९० मध्ये स्टॉकहोमच्या एन्टूम्ड बँडनं पहिल्या अल्बमवर असं पेडल वापरून करवतीसारखा आवाज काढला. चारही बटणं पूर्ण फिरवून ठेवायची, ही त्या आवाजाची ठरलेली कृती. तो बँड डेथ मेटलचा, पण वाढलेला डी-बीट ऐकत. वीस वर्षांनी अमेरिकेतल्या हार्डकोअर बँडनी तोच आवाज परत उचलला. आता ते पेडल कुणाचं म्हणायचं?

प्रश्न : कुठून ऐकायला सुरुवात करू? वेळ कमी आहे.
– वाचक, गारगोटी

उत्तर : बॅड ब्रेन्सची १९८२ ची कॅसेट, मग डिस्चार्ज, मग ‘रेन इन ब्लड’. तिन्ही छोटे अल्बम आहेत, गारगोटी ते कोल्हापूर एसटीत जाता-येता होतील. पुढच्या फेरीला नेपाम डेथचा १९८७ चा ‘स्कम’ लावा. त्यात एक गाणं सेकंदभराचं आहे, तेव्हा खिडकीबाहेर बघत बसू नका. आपल्या इकडचं हवं असेल तर मुंबईचे दोन बँड शेजारी शेजारी ऐका : हार्डकोअरच्या बाजूनं आलेला स्क्राइब आणि मेटलच्या बाजूनं आलेला भयानक मौत. पहिल्यांदा फक्त ड्रम ऐका, दुसऱ्यांदा फक्त उजवा हात.